जाइल्स ऑल्डसची वही

मला वाचता येतं, लिहिता येत नाही. हसू नका. आमच्या गावात पोरींना बायबल वाचता यावं म्हणून वाचायला शिकवायचे, आणि लिहून त्या करणार काय म्हणून तिथेच थांबवायचे. छापलेलं पान द्या, घडाघडा वाचून दाखवते. पण हातानं लिहिलेलं असलं की माझ्या लेखी कोंबडी चिखलातून चालत गेली. त्यापायी माझ्या हातून काय झालं ते सांगते. स्वतःवर पांघरूण घालणार नाही.

समुद्रापलीकडच्या नव्या मुलखात आमचं नॉर्थमियर वसून तेव्हा पाच वर्षं झाली होती. अठ्ठावीस घरं, एक सभाघर, आणि नियम मात्र अख्ख्या लंडनला पुरतील एवढे. त्यातला एक असा की एकट्या पुरुषानं एकटं राहायचं नाही. बायको नाही, आई नाही, तर कुणाच्यातरी चुलीशी राहायचं आणि त्या घरच्या प्रार्थनेला बसायचं. एकट्याच्या घरी सैतान न बोलावता जेवायला येतो, असं वडील क्रेन म्हणायचे. वडील म्हणजे माझे वडील नव्हेत, मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचे, वडील. मंडळीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे त्यांच्या हातात.

सप्टेंबरात एका सकाळी ते आमच्या दारात उभे. शेजारी एक उंच, खांदे पाडलेला माणूस, हातात हत्यारांची पिशवी.

"पेलबाई, हा जाइल्स ऑल्डस. सफोककडचा. पिंपं बनवतो. एकटा आहे. आजपासून तुमच्याकडे."

"आमच्याकडे? इथे एकच खोली आहे. पिंपात झोपणार का तो?"

"माळा आहे ना?"

"माळ्यावर भोपळे आहेत."

"भोपळे सरकतात, बाई," क्रेन म्हणाले.

माझा नवरा हम्फ्री मागून आला आणि "हो हो, या ना, या," म्हणून मोकळा झाला. या माणसाला 'नाही' म्हणता येत असतं तर आम्ही समुद्र ओलांडून इथे आलोच नसतो.

आता मला सांगा, अठ्ठावीस घरांतून नेमकं आमचंच घर का? टकरांच्या घराला दोन खोल्या होत्या. क्रेन यांचं घर तर एवढं की त्यांचं स्वतःचं खोकणं त्यांना दुसऱ्या टोकाला ऐकू जात नसेल. मग आमच्या भोपळ्यांवरच का नजर?

कारण मला ठाऊक होतं, आणि तेच मनात सलत होतं. आम्ही दोघं मंडळीत नव्हतो. सभाघरात जायचो, तीन-तीन तास बसायचो, पण मंडळीत नव्हतो. आत जायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यावी लागते. देवानं आपलं मन कसं मोडलं, आपलं पाप आपल्याला कसं दिसलं, ते आपल्या तोंडानं सांगायचं. पुरुषांनीही आणि बायकांनीही. मग सगळे हात वर करतात, किंवा करत नाहीत. आणि आईबापांतलं एक तरी मंडळीत असल्याशिवाय मुलाला बाप्तिस्मा नाही.

माझा पहिला मुलगा तीन आठवड्यांचा होऊन गेला, बाप्तिस्म्याविना. पाण्यानं कुणी तरत नाही, देवाची निवड आधीच झालेली असते, असं मला समजावलं. झाली असेल बाई. पण टकरांच्या चारही पोरांना पाणी मिळालं आणि माझ्या लेकराला कुंपणापाशी नुसती माती मिळाली. मग जुलैत डॉर्कस झाली. अंगानं किरकोळ, छातीत सारखी घरघर. हम्फ्रीला चारचौघांत 'आज वारा आहे' एवढंही बोलता येत नव्हतं. म्हणजे जे काय करायचं ते मलाच. जूनमध्ये, पोटुशी असताना, मी एकदा उभी राहिले होते. पाठ केल्यासारखं बोलले, खरं तर पाठच केलं होतं. साक्ष कोरडी आहे म्हणाले, नोव्हेंबरात पुन्हा या. तेव्हा नोव्हेंबर हे माझं सगळं होतं. आणि त्याच्या दोन महिने आधी हा परका माणूस माझ्या माळ्यावर आणून ठेवलेला.

शेजारच्या टकरीणबाईंनी तर लगेच डाव ओळखला. त्यांचा नवरा गावचा कारकून, त्यामुळे त्यांना सगळंच आधी कळतं असा त्यांचा समज.

"अगं थॉमसिन, एवढंही कळत नाही तुला?" त्या कुंपणावरून वाकून म्हणाल्या. "तुझी साक्ष नोव्हेंबरात. तोवर तुझ्या घरात काय शिजतं, काय बोललं जातं, ते त्यांना नको का कळायला? माणूस नाही ठेवलाय तुझ्याकडे. कान ठेवलाय."

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" मी ठसक्यात म्हटलं.

"तुझी जीभ," टकरीण म्हणाली.

माणूस वागायला चांगला होता, खोटं का बोलू? पहाटे उठून पाणी आणायचा. पुढ्यात वाढल्या मक्याच्या कण्या मुकाट्यानं खायचा. आमची गळकी बादली न सांगता नीट करून दिली. पण त्याच्याकडे एक वही होती. हातानं शिवलेली, तळहाताएवढी, चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. जेवण झालं की खिडकीपाशी बसायचा, माझ्याकडे बघायचा, आणि लिहायचा. पुन्हा बघायचा, पुन्हा लिहायचा. दारावर थाप पडली की वही झटकन सदऱ्याच्या आत. सांगा बरं, सरळ माणूस असं करतो?

एका शनिवारी मी चरबीच्या मेणबत्त्या करत होते. वाती बुडवायच्या, काढायच्या, थंड करायच्या, पुन्हा बुडवायच्या. आमचा शब्बाथ शनिवारी सूर्य मावळला की सुरू होतो. त्यानंतर कामाला हात लावायचा नाही. सूर्य गेला आणि माझ्या सहा मेणबत्त्या राहिल्या. सहाच! चरबी कढत होती, ती काय ओतून देऊ? मी बुडवत राहिले. मान वर केली तर दारात जाइल्स. त्यानं आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिडकीपाशी गेला आणि वही काढली.

रात्रभर मनात त्या सहा मेणबत्त्या.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात अशी बोलायला लागले की साक्षात पाद्र्यानंही लाजावं. तो घरात असला की मोठ्यानं स्तोत्रं म्हणायची. गाईनं लाथ मारली, बादली लवंडली, एरवी मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, तर त्या दिवशी म्हटलं, "देवाचीच इच्छा गं बाई, सरक जरा."

हम्फ्री गोठ्याच्या दारात उभा होता. म्हणाला, "अगं, ताप गाईला आलाय की तुला?"

"अहो, हळू बोला! तो ऐकतोय."

"ऐकू दे की. गाईशी गोड बोलणं कुठल्या नियमात बसत नाही?"

त्याला कशाचाच संशय यायचा नाही. अशा माणसाशी संसार केला की दोघांचा संशय एकटीलाच वाहावा लागतो.

आणि संशय यायला कारणं कमी होती का? 'घरी कोण असतं तुमच्या?' म्हणून मी एकदा विचारलं, तर 'कुणी नाही वहिनी' म्हणाला आणि ताटावरून उठून अंगणात गेला. एकदा डॉर्कस रडून रडून निळी पडली आणि माझे हात पिठात. त्यानं तिला उचललं. मानेखाली बरोबर हात, पालथी खांद्यावर, पाठीवर दोन बोटांनी थोपटणं. गप्प झाली पोर. मी बघतच राहिले. बिनलग्नाच्या पुरुषाला मूल असं धरता येतं होय? माझ्या हम्फ्रीला दोन झाली तरी तो मुलाला सरपणाच्या मोळीसारखं धरतो. टकरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सैतानाला सगळं येतं गं." आणि दर गुरुवारी, प्रवचन झालं की, तो क्रेन यांच्या घरी जायचा. मी स्वतः पाहिलं. एकदा तिथून आला तो तासभर माझ्या नजरेला नजर देईना.

ऑक्टोबर सरत आला तेव्हा हम्फ्री आणि तो ओक तोडायला रानात निघाले, दिवसभरासाठी. जाताना त्यानं मला आपला कोट दिला. "वहिनी, बाही उसवलीय. सवड झाली तर." आणि घाईत तसाच जाकीट घालून गेला.

बाही शिवताना अस्तरात काहीतरी टणक लागलं. वही.

मी उघडली. कोंबडीचे पाय, पानामागून पान. पण काही अक्षरं तो मोठी आणि छापल्यासारखी काढायचा, तेवढी मला ओळखता आली. टी आणि पी. थॉमसिन पेल. पहिल्या पानावर नाही, पण नंतर जिथे तिथे. टी पी, टी पी, टी पी. माझे कान तापले. महिना-दीड महिना माझं मीठ खाऊन हा माणूस माझ्या लेकराच्या तोंडचं पाणी काढून घेत होता!

तेव्हा हम्फ्री घरी असता तर म्हणाला असता, ठेव गं ती जागेवर, आल्यावर त्यालाच विचारू. पण तो घरी नव्हता. मी डॉर्कसला कडेवर घेतलं, वही ॲप्रनात गुंडाळली आणि थेट टकरांकडे गेले. क्रेन यांच्याकडे नाही गेले, कारण त्यांच्यासाठीच तर ती लिहिलेली, असं मला वाटत होतं. टकर कारकून, त्याला हाताचं अक्षर वाचता येतं. माझ्याविरुद्ध काय काय आहे ते एकदा कळलं, की मी उत्तर तयार ठेवीन. एवढंच माझ्या डोक्यात.

"माझ्याबद्दल आहे तेवढंच वाचा हं," मी म्हटलं.

टकरनं वही उजेडात धरली. टकरीणबाई काम टाकून जवळ येऊन उभ्या राहिल्या. तो वाचू लागला, सपाट आवाजात, गावाच्या सभेत कुंपणांचे नियम वाचतो तसा.

"'शनिवार. टी. पी. सूर्य मावळल्यावर मेणबत्त्या करत होती. मी पाहिलं आणि मला बरं वाटलं, की नियम मोडणारा या घरात मी एकटाच नाही. दुसऱ्याची चूक बघून बरं वाटणं, हे माझं आजचं पाप.'"

टकरीणबाईंनी माझ्याकडे बघून भुवया उचलल्या.

"सहाच होत्या," मी म्हटलं. "पुढे वाचा."

"'सोमवार. टी. पी. नं मला दुसऱ्यांदा वाढलं. मी खोटं बोलून या चुलीशी बसलोय आणि ती मला दुसऱ्यांदा वाढते.' 'गुरुवार. वडिलांनी पुन्हा विचारलं, घर कसं आहे? म्हटलं, बाईची जीभ तिखट आहे आणि हात सढळ आहे, याहून जास्त मला काही सांगायचं नाही. स्वतःबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं. पुन्हा मिटलं.' 'बुधवार. मी जवळपास नाही असं समजून टी. पी. गाईवर ओरडली. हसू आलं. ॲल्स अशीच ओरडायची.'"

टकर थांबला. "ॲल्स कोण?"

"असेल कुणी बहीण," मी म्हटलं. पण डॉर्कसच्या मानेखाली गेलेला तो हात माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मला एकदम कळलं. "पुरे. द्या इकडे ती वही."

त्यानं दिली नाही. दोन पानं उलटली. आता नियम वाचल्यासारखं वाचत नव्हता, चव घेत वाचत होता.

"'देवींच्या साथीत एका आठवड्यात आमची तिन्ही लेकरं गेली. त्यानंतर ॲल्स माझ्याकडे बघायची नाही आणि मी तिच्याकडे. एक दिवस पिंपाच्या कड्या आणायला म्हणून बाहेर पडलो तो बंदरापर्यंत चालत गेलो. बायकोला टाकून आलो आणि इथे एकटा आहे म्हणून सांगितलं. घर सोडून चार वर्षं झाली. नोव्हेंबरात साक्षीच्या दिवशी उभा राहून सगळं सांगणार. मंडळीचे पाय धरून विनवीन, ॲल्सला इकडे आणायला मदत करा म्हणून. देवा, तोवर मला धीर दे.'"

"अगं बाई!" टकरीण म्हणाली. तिचे डोळे असे चमकले की मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

बायको असताना एकटं येऊन राहणारा माणूस आमच्याकडे चालत नाही. त्याला पहिल्या जहाजानं परत धाडतात. आणि मंडळीशी खोटं बोलला तर वर फटके. पण एक गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होती: जो स्वतःहून उभा राहून सांगतो, त्याला मंडळी रडून पोटाशी धरते. त्याचं नुकसान भरून द्यायलाही धावते. ज्याचं दुसऱ्या कुणी उघड्यावर आणलं, त्याला मात्र फटक्यांचा खांब. आणि हे टकरला तर स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होतं.

"गेल्या वर्षी पिऊन क्रेन यांच्या गोठ्यात झोपला होतात तुम्ही," मी म्हटलं. "आपल्या तोंडानं कबूल केलंत म्हणून सुटलात. क्रेन यांनी मिठी मारली होती तुम्हाला. याला तीन आठवडे द्या. तीनच आठवडे राहिलेत. तोही उभा राहील."

"मी सांगितलं. यानं सांगितलं नाही."

"सांगणार होता! तिथे लिहिलंय ना!"

"लिहिलंय म्हणजे सांगितलं नाही, बाई. मी शपथ घेतलेला माणूस आहे. कानावर आलं ते न आल्यासारखं कसं करू?"

"मग ऐकलंत कशाला? माझ्यापुरतंच वाचा म्हटलं होतं मी!"

"आणली कुणी?" टकर म्हणाला, आणि टोपी घातली.



मी रानाकडे धावले. कडेवर पोर, पायांत खडावा, एक चिखलात रुतली ती तशीच सोडून दिली. दोघं बैलांना घेऊन परतत होते. मला बघून हम्फ्रीनं हातातला कासरा टाकला. "डॉर्कस?" त्याला एवढंच विचारता आलं.

"ती बरी आहे. जाइल्स, मी तुमची वही नेली. टकरनं वाचली. तो क्रेन यांच्याकडे गेलाय. पळा, तो बोलायच्या आधी तुम्ही बोला!"

तो पळाला नाही. माझ्याकडे बघत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"का नेलीत वहिनी?"

"मला वाटलं गावानं तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला पाठवलंय. माझंच लिहिताय वाटलं."

"मला वाटत होतं, तुम्हाला माझ्यावर ठेवलंय," तो म्हणाला. "तुम्ही सारख्या बघायचात. मी आलो की स्तोत्रं म्हणायला लागायचात. म्हटलं, बाईला सगळं कळलंय, माझ्या तोंडून वदवून घ्यायला बघतेय." आणि तो हसला. खरंच हसला हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, हसताय काय, जा!" मी ओरडले.

मग तो निघाला, लांब लांब ढांगा टाकत, आणि मागोमाग आम्ही. क्रेन यांच्या दारात पोचलो तेव्हा वही क्रेन यांच्या हातात होती, आणि टकर शेजारी टोपी हातात घेऊन उभा.

"वडील, मला काही कबूल करायचंय," जाइल्स म्हणाला.

"आता?" क्रेन म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखच होतं, आणि ते मला जास्त लागलं. "सात गुरुवार माझ्यासमोर बसलास. मी विचारत होतो, तू गप्प होतास. आता काय सांगतोस? आता तर मला माहीत आहे."

मी मध्ये पडले. चूक माझी, मी चोरून नेली, तो सांगणारच होता, सगळं सगळं म्हटलं. क्रेन यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेलबाई, तुम्ही जाग्या राहिलात म्हणून मंडळी फसायची वाचली. यात लाजण्यासारखं काय आहे?"

दहा फटके ठरले. गुरुवारी, प्रवचनानंतर, सभाघरासमोर, सगळ्या गावानं बघायचं. मी डॉर्कसचं तोंड माझ्याकडे फिरवून धरलं होतं. तो सहाव्यापर्यंत ओरडला नाही. त्यानंतरचं मला सांगायचं नाही. टकरीणबाईंनी सोबत आणलेलं सफरचंद खाल्लं.

तीन दिवसांनी शिपाई त्याला घेऊन बॉस्टनला गेला, जहाजावर चढवायला. सोबत एक पत्र होतं, त्याच्या गावच्या पाद्र्याला. टकरनंच लिहिलं ते. खोटारडा, बायको टाकलेला, फटके खाल्लेला, असा म्हणे मजकूर. हे घेऊन तो तिच्या दारात उभा राहणार होता. जाण्याआधी हत्यारं न्यायला आमच्याकडे आला. मी कोट शिवून ठेवला होता. पाठीवर चढवताना त्याला दुखलं, मी मदतीला गेले तर बाजूला सरला. मग डॉर्कसच्या टाळूवर क्षणभर हात ठेवला आणि हम्फ्रीला म्हणाला, "हिच्या छातीला रात्री कोमट फडकं बांधत जा. आमच्या धाकट्याला उतार पडायचा त्यानं." माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

हम्फ्रीही माझ्याशी चार दिवस बोलला नाही. त्या माणसाला रागावता येतं हे मला तेव्हा कळलं.

आणि मग नोव्हेंबर आला. मी हम्फ्रीला म्हटलं, "मी उभी राहणार नाही. कुठल्या तोंडानं राहू?"

तो चुलीत लाकूड सरकवत होता. म्हणाला, "तिला पाणी नको का?"

डॉर्कसची घरघर त्या थंडीत वाढली होती. दोघंही तिच्याकडे बघत बसलो.

मी उभी राहिले. पण मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की पाठ केलेलं एक अक्षर बोलायचं नाही. सभाघर गच्च भरलेलं. क्रेन समोर. मी म्हटलं, मी चोर आहे. एका माणसानं देवाशी बोलायला ठेवलेली वही मी चोरली. तो माझ्या घरी जेवायचा आणि मी त्याच्याकडे सापाकडे बघावं तसं बघायचे. तो तीन आठवड्यांत तुमच्यापुढे आपण होऊन उभा राहणार होता. आज, इथे, माझ्या जागी. त्याची कबुली मी त्याच्या तोंडातून ओढून काढली आणि तुम्ही ती घेतलीत. टकरांनी वाचली, वडील, तुम्ही वाचलीत, आपण सगळ्यांनी मिळून उभं राहून त्याला मार खाताना बघितलं. आपल्यात एकमेकांवर नजर ठेवायला शंभर माणसं आहेत आणि 'तुला काय दुखतंय' म्हणून विचारायला एक नाही. मी विचारलं नाही. देव मला माफ करेल असं मला वाटत नाही, आणि केलं तर का करावं ते मला कळत नाही.

शेवटचं बोलताना माझा आवाज फुटला. मला रडायचं नव्हतं. मला वाटलं होतं, आता हे मला बाहेर काढतील, बसायची जागासुद्धा काढून घेतील. काढू देत. निदान एकदा तरी त्यांच्या तोंडावर खरं बोलले.

मग कुठेतरी एक बाई हुंदका देऊन रडली. टकरीणच ती. क्रेन यांनी डोळे पुसले.

"बंधूंनो, आणि भगिनींनो," ते म्हणाले, "जूनमध्ये याच बाईंची साक्ष कोरडी होती. मोडलेलं मन कसं असतं ते आज आपण पाहिलं. स्वतःचं पाप इतकं लख्ख दिसणं, ही देवाचीच कृपा. ऑल्डसच्या पडण्यातूनसुद्धा देवानं एक जीव उचलून घेतला. कुणाला काही विचारायचंय?"

कुणाला काही विचारायचं नव्हतं. हात वर झाले. एकूण एक. टकरचा तर सगळ्यात आधी.

"अहो, पण मी तुम्हालाही पापी म्हणाले!" मी ओरडायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण पलीकडे पुरुषांच्या बाकावर हम्फ्री बसला होता, डॉर्कस त्याच्या कोटात गुंडाळलेली, आणि तिची घरघर मला एवढ्या लांबून ऐकू येत होती. मी तोंड मिटलं आणि खाली बसले.

पुढच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा झाला. भांड्यातलं पाणी गोठू नये म्हणून चुलीवर जरा कोमट करून आणलं होतं. पाणी कपाळाला लागलं तरी डॉर्कस रडली नाही. मी रडले. क्रेन यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाया एकमेकींना खुणावून हसल्या, सगळ्यांना वाटलं आनंदानं रडतेय.